झोयाचं पहिलं मेज

ताश्कंदच्या कुयल्युक बाजारात आधी झोया लिगायचा आवाज येतो, मग तिच्या गाजराच्या कोशिंबिरीचा लसणी वास, आणि शेवटी झोया. तिच्या शेजारी टोफू विकण्यात माझी हयात गेली. माझा डावा कान तिच्याच नावावर जमा आहे.

त्या आठवड्यात आमची सगळी कोरियन गल्ली तिच्या साठीच्या नादात होती. हॉल ठरला, मेजावर मांडायचा, चोचीत लाल मिरची धरलेला उकडलेला कोंबडा ठरला. नवा जांभळा झगा तर प्रत्येक गिऱ्हाइकाला गाजराबरोबर फुकट दाखवला जात होता. आम्हा कोरियनांत माणसासाठी खाण्यापिण्याचं मेज मांडतात ते तीनदा: पहिल्या वाढदिवसाला, लग्नात आणि साठीला. झोयानं लग्न पळून जाऊन केलं, त्यामुळे कळत्या वयात तिच्यासाठी मांडलेलं मेज असं हे एकच.

शनिवारी तिची फेन्या आत्या अल्माटीहून बसनं आली ती थेट बाजारात.

"झोया, तुझं पहिलं मेज कुणी मांडलं होतं गं?"

"कुठलं पहिलं?"

"वर्षाची झालीस तेव्हाचं. मला आठवतंय ना! तुझे आईबाप कांद्याच्या शेतावर राबत होते आणि तू बांधावर चिखल खात होतीस. मेज कुठलं न् काय! आणि पहिलं नाही तर साठीचंही नाही. जिवाला बाधतं."

झोया गप्प झाली. काय आक्रीत घडलं म्हणून अर्धा बाजार बघायला धावला.

"आत्याआजी, सगळ्यांना आवतण गेलंय!" तिची मुलगी इन्ना कळवळली.

"आवतण परत घेता येतं. गेलेली आई परत आणता येत नाही."

झोयानं झगा घडी घालून गाजराच्या पोत्यामागे ठेवला. ते काही मला बघवेना.

"आत्या," मी म्हटलं, "पहिलं मेज दुपारच्या आत मांडायचं, एवढाच नियम ना? मग उद्या सकाळी ते मांडू आणि संध्याकाळी साठी करू."

"साठ वर्षांच्या बाईचं?"

"बाळाचं वजन किती असावं, हे कुठे ठरलंय?"

आत्यानं मला आपादमस्तक न्याहाळलं. "टोफू विकतोस ना? तरीच डोकं मऊ." मग चहाचा घोट घेऊन म्हणाली, "पण चिकट भात हातानं कुटायचा. यंत्राचा चालणार नाही."

झालं! अख्खी गल्ली मुसळं घेऊन भातावर तुटून पडली.

रविवारी सकाळी इन्नाच्या अंगणात मेज मांडलं. कुटून वड्या पाडलेला भात, पुस्तक, लेखणी, कात्री, दोरा. बाळ ज्या पहिल्या तीन वस्तू उचलेल, ते त्याचं नशीब. बाळाला मी कडेवर आणावं अशी सूचना आली होती. माझ्या कमरेनं ती फेटाळली.

झोया मेजापुढे बसली. तिनं कात्री उचलली.

"हाताला कष्ट फार!" आत्यानं भविष्य सांगितलं.

"ते करून झाले, आत्या."

मग भात.

"कधी उपाशी राहणार नाही."

"ते झग्याच्या शिंप्यालाही कळलंय," इन्ना पुटपुटली.

मग दोरा.

"दीर्घायुष्य!"

"हे मात्र अजून बाकी आहे!" झोया गरजली आणि दोऱ्याची सगळी गुंडी सोडून तिनं गळ्यात घातली. आवाज परत आला! माझ्या कानात अजून शिट्टी वाजते आहे.

तिनं भाताचा पहिला तुकडा आत्याला भरवला. "आणि तुझं पहिलं मेज कुणी मांडलं होतं गं आत्या?"

आत्याचं चावणं थांबलं.

"सरकारनं आपल्या कोरियन लोकांना घरादारांतून उचलून, मालगाड्यांतून आणून माळावर उतरवलं, त्या हिवाळ्यातला माझा जन्म. मेज असतं तर आधी शेकोटीत घातलं असतं." घास गिळून ती म्हणाली, "म्हणून तर मी माझी साठी करू दिली नाही."

आत्यानं सूर्याकडे पाहिलं. मग मेजाकडे. मग पुन्हा सूर्याकडे.

"इन्ना, बारा वाजायला अवकाश आहे ना गं?" उत्तराची वाट न बघता तिनं खुर्ची पुढे ओढली. "सरका सगळे! आणि ते पुस्तक लांब ठेवा, मी चष्मा आणलेला नाही."

संध्याकाळी हॉलमध्ये दोन कोंबडे होते, दोघांच्याही चोचीत मिरची. दुसरा मी धावत जाऊन आणला होता.