मेलं की परत गेलं?

काही लोकांच्या घरात रिकामे डबे साठतात, काहींच्या घरात जुन्या वह्या. माझ्याकडे राग साठलेत. तेही कसले, तर इंग्लिश पिक्चर आणि रॉक म्युझिकपायी पालघर-बोईसरमध्ये आमच्यावर झालेल्या अन्यायांचे. एक सांगायला घेतला की त्याच्यामागून दुसरा येतो. बायको आतून ओरडते, "पुरे आता, प्रेशर वाढेल." वाढू दे. वीस वर्षं झाली तरी हे राग काही शिळे झालेले नाहीत.

आमची तिघांची टोळी होती. मी माकुणसारचा, बोईसरच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला. भास्कर सातपाटीचा, मच्छीमाराच्या घरातला, त्याच कारखान्यात फिटर. भुतंखेतं आणि अजस्र जनावरं यांच्या पिक्चरवर त्याचा भारी जीव. आणि तिसरा फ्रान्सिस, लॅबमधला, मूळ वसईचा. खांद्यापर्यंत केस, घरी रॉकच्या रेकॉर्डची पेटी आणि एक इलेक्ट्रिक गिटार. सत्तरच्या दशकाची अखेर. कँटीनमध्ये बाकी सगळे क्रिकेटवर बोलायचे आणि आम्ही तिघं व्हॅम्पायरवर. आम्हाला सगळे 'इंग्लिश खातं' म्हणायचे.

*

पहिला राग रिळांचा. रविवारच्या मॅटिनीला इंग्लिश पिक्चर लागायचा. पालघरलाही तोच, बोईसरलाही तोच, पण प्रिंट मात्र एकच! पालघरला एक रीळ दाखवून झालं की ते डब्यात घालून एक माणूस राजदूत फटफटीवरून बोईसरला आणायचा. त्याला रेल्वेचं फाटक बंद मिळालं की आम्ही बोईसरला बसून साबणाच्या जाहिराती बघायचो.

एकदा त्याने दोन डबे एकदम आणले आणि ऑपरेटरने नंतरचं रीळ आधी लावलं. पडद्यावर व्हॅम्पायर उन्हात सापडला, जळाला, त्याची राख झाली. त्यानंतरच्या रिळात तोच व्हॅम्पायर मेणबत्त्या लावून पाहुण्यांना जेवायला वाढतोय. मी खुर्चीवरून उठून ओरडलो, "रीळ चुकलंय, बंद करा!"

मागचा एक कामगार म्हणाला, "बैठो ना भाईसाब. भूत है, एक बार में थोड़ी मरेगा."

सगळं थिएटर त्याच्या बाजूने झालं. मी तणतणत केबिनमध्ये गेलो, तर ऑपरेटर विडी विझवत म्हणाला, "तीनशे माणूस बसलंय खाली. बाकी कोणी आलं का वर?"

*

दुसरा राग दाराचा. काउबॉयचा पिक्चर होता. हिरो घोड्यावरून उतरतो, गुत्त्याचं दार लाथेने उघडतो आणि आत हिंदी पिक्चरमधला कॅबरे चालू! चांगली पाच मिनिटं तो नाच चालला. मग परत काउबॉय आला आणि त्याने कुणाला तरी गोळी घातली.

मी मॅनेजरला गाठलं. हा पालघरच्या टॉकीजचा मॅनेजर, कपाळावर गंध, बोलणं अगदी मृदू. म्हणाला, "पब्लिक कंटाळतं हो. आणि दार उघडलं म्हणजे आत काहीतरी दाखवायला नको का?"

हा माणूस लक्षात ठेवा, कारण आमच्या सगळ्यात मोठ्या रागाचं मूळ त्याच्यापाशी आहे.

*

समुद्रातल्या एका जनावराचा पिक्चर आला होता, ब्लॅक अँड व्हाइट, त्या रविवारी फक्त पालघरला. भास्करने आई-वडिलांनाही पालघरला आणलं. काका, म्हणजे त्याचे वडील, सातपाटीच्या एका बोटीचे तांडेल. बोट कुठे न्यायची, जाळं कुठे टाकायचं, सगळं त्यांच्या हुकमावर. काकी पालघरच्या बाजारात मासळी विकायच्या. त्या दिवशी बाजार उरकून, रिकामी टोपली घेऊनच त्या थिएटरात आल्या. डोअरकीपरने वासावरून नाक मुरडलं, तेव्हा म्हणाल्या, "पैसं दिलंय. टोपलीचंबी देऊ काय?"

पिक्चरमध्ये ते जनावर बंदरात येतं, बोटी चिरडतं, लोक त्याच्यावर जाळी टाकतात. काका खुर्चीच्या टोकावर बसून बडबडत होते, "ही काय रीत झाली जाळं टाकायची?" शेवटी जखमी होऊन ते वाळूत पडतं. थिएटर चिडीचूप. आणि काकी मोठ्याने म्हणाल्या, "एवडा मोठा मासा वाळूत पडलाय आनि कोनी मीठ पन नाय लावत!"

लोक हसतायत तोवर जनावराने एक डोळा उघडला. आणि थिएटरातले दिवे लागले.

शेवटचं रीळ मॅनेजरने दाखवलंच नाही. बाहेर तीनच्या हिंदी पिक्चरची गर्दी उभी होती ना! आम्ही त्याला घेरलं. तो म्हणाला, "इंग्लिश पिक्चरचा शेवट काय बघायचा? हिरो वाचतोच."

काका पुढे झाले. "हिरोचं कोन इचारतो तुला? तो जनावर मेला का परत दर्यात गेला, ते सांग."

मॅनेजरला माहीत नव्हतं. त्याने स्वतःच कधी बघितलं नव्हतं. आणि पुढच्या रविवारपर्यंत प्रिंट गुजरातेत गेली होती.

तेव्हापासून आम्ही सातपाटीला गेलो की काकांचा पहिला प्रश्न, "कलला काय रं? मेलं का गेलं?" त्यांचं म्हणणं, दर्यातला जीव असा वाळूत मरायचा नाही, तो परत गेलाच असणार. काकी सुकट निवडता निवडता म्हणायच्या, "मेला तो. मी डोला बगलाय त्याचा. असं डोलं मी रोज इकते." नवरा-बायकोचं हे भांडण किती वर्षं चाललं असेल! जेवताना चाले, बोट किनाऱ्याला लागली की चाले. मला त्यात मजा वाटायची. भास्करला वाटायची नाही. त्याने पेपरात रविवारच्या जाहिराती बघणं कधी सोडलं नाही.

*

आता कॅसेटवाला. हा बोईसर स्टेशनजवळ बसायचा. रिकामी कॅसेट द्यायची आणि रेकॉर्डवरून गाणी भरून घ्यायची. फ्रान्सिसची रेकॉर्ड मी हातापाया पडून मिळवली होती. त्यातलं एक गाणं नऊ मिनिटांचं. पहिली चार मिनिटं गाणं आणि पुढे नुसती गिटार, अशी की अंगावर काटा यावा.

घरी येऊन लावलं. चार मिनिटं झाली, गाणारा थांबला आणि टाळ-मृदंग सुरू झाला.

तसाच सायकल हाणत परत गेलो. कॅसेटवाला म्हणाला, "गाणारा थांबला ना? म्हणजे गाणं संपलं. पुढे नुसतंच वाजवत होता तो. उरलेली जागा वाया कशाला घालवायची, म्हणून एक भजन टाकलं."

त्या दिवशी ठरवलं, यापुढे स्वतः भरायचं. ज्या कॅसेटवर पुन्हा भरता येऊ नये म्हणून कंपनी कडेची खाच उघडी ठेवते, तिच्यावरही भरता येतं. खाचेवर पट्टी चिकटवली की झालं. माझ्या खिशात इन्सुलेशन टेपचं निळं बंडल कायम असायचं. कॅसेटला निळी पट्टी दिसली की फ्रान्सिस म्हणायचा, "ही आपल्या वायरमनची."

*

फ्रान्सिसवर झालेला अन्याय तर मी स्वतःच्या हाताने केला. म्हणजे मला करायला लावला.

कॉलनीच्या गणपतीत त्याला दहा मिनिटं गिटार वाजवायला दिली होती. त्याने महिनाभर घासून एक खरखरीत, फाटका, रानटी आवाज बसवला होता. पहिला सूर वाजला आणि आमचे चीफ इंजिनिअर पहिल्या रांगेतून उठले. मला खूण केली. "अरे, त्याची वायर शॉर्ट आहे. आवाज फाटतोय. जा, बघ."

मी म्हटलं, "साहेब, तो आवाज तसाच असतो."

"तू मला शिकवतोस?"

गेलो स्टेजवर. त्याच्या आवाज फाडायच्या डबीची वायर काढून गिटार सरळ स्पीकरला जोडली. गिटार एकदम शहाण्यासारखी वाजू लागली. टाळ्या पडल्या! त्या फ्रान्सिसला नव्हत्या, मला होत्या. दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर 'तत्परतेने दोष दूर केल्याबद्दल' माझं अभिनंदन लागलं. फ्रान्सिस माझ्याशी पंधरा दिवस बोलला नाही आणि त्याचं काही चुकलं नाही.

*

भास्करचं लग्न झालं तेव्हा व्हिडिओ शूटिंग नवीन होतं. सातपाटीत नुसती चर्चा! संध्याकाळी वरातीच्या वेळी फोटोग्राफरच्या कॅसेटी संपल्या. धावपळ करून मीच, हाताला लागली ती, आणखी एक त्याला मिळवून दिली. काका-काकी वरातीत नाचले, सगळ्या गावाने बघितलं.

महिन्याने व्हिडिओ हातात आला तर त्यात वरातच नाही. फोटोग्राफर म्हणतो, "ती कॅसेट मी मांडवातल्या टेबलावर ठेवली होती. कुणीतरी उचलून नेली."

"लग्नातून कॅसेट कोण नेईल?" सगळ्यात जास्त मीच तापलो होतो. त्याला मी इतकं सुनावलं की शेवटी भास्करनेच मला बाहेर नेलं. बेजबाबदार माणूस मला खपतच नाही. मी व्हिडिओ लायब्ररीतून आणलेली कॅसेट, बघितली नसली तरी, दुसऱ्या दिवशी सकाळी परत करणारा माणूस! बाकीचे तर ती रिवाइंडसुद्धा करायचे नाहीत. शेवट न बघता मध्येच काढून तशीच टाकायचे.

त्यानंतर दोन वर्षांनी काकी गेल्या. ताप आला काय, चार दिवसांत आटोपलं काय. काकांनी बोटीवर जाणं सोडलं. आम्ही भेटायला गेलो तरी ते जनावराचं विचारीनासे झाले. आता भांडायला कुणी नव्हतं.

*

आणि मग पालघरच्या व्हिडिओ लायब्ररीत भास्करला ते जनावर सापडलं.

सगळ्यात खालच्या फळीवर, धूळ खात. दुकानदार म्हणाला, "न्या हो. असले इंग्लिश कोण बघतंय?" त्यावरही मी त्याला दोन शब्द ऐकवले.

रविवारी दुपारी भास्करने भाड्याने व्हीसीआर आणला. काकांना खाटेवर उशा लावून बसवलं. फ्रान्सिस होता, मी होतो, भास्करची बायको दारात. काका आधी म्हणाले, "आता काय करायचंय बगून?" पण बंदर आलं, बोटी आल्या, तसे खाटेच्या टोकाला सरकले. "बग, बग. जाळं टाकायची रीत हाय ही?" इतक्या दिवसांनी त्यांचा तो आवाज ऐकून भास्कर माझ्याकडे बघून हसला.

जनावर वाळूत पडलं. त्याने एक डोळा उघडला.

पडद्यावर मुंग्या आल्या आणि बेंजो वाजू लागला. पेट्रोमॅक्सच्या उजेडात सातपाटीची गल्ली. फेटा बांधलेला भास्कर. आणि पुढे डोक्यावर दोन्ही हात नेऊन नाचणाऱ्या काकी.

"कोण हलकट..." म्हणत भास्कर बंद करायला उठला.

"हात नको लावू," काका म्हणाले. "तुजी आय हाय."

वीस मिनिटं वरात चालली. काकी मध्येच काकांना ओढून आणतात, काका लाजतात, मग दोघं नाचतात. शेवटी काकी कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी बोलतात, पण बेंजोत ऐकू येत नाही. मग काळोख.

काका मागे सरकून उशीला टेकले. मग म्हणाले, "परत गेला. मी सांगत होतो तिला."

भास्करने कॅसेट बाहेर काढली. ती उलटीपालटी करून बघताना त्याचा अंगठा कडेच्या खाचेवर थांबला. खाचेवर निळी पट्टी होती. त्याने माझ्याकडे बघितलं. फ्रान्सिसनेही बघितलं. मी पंख्याकडे बघत होतो.

"काय रं, थांबलास कशाला?" काका खाटेवरून म्हणाले. "परत लाव."

भास्करने कॅसेट परत आत घातली आणि रिवाइंडचं बटण दाबलं.