कात्रीताई आणि मलमाचं वाक्य

आमच्या ऑफिसात तिला सगळे कात्रीताई म्हणत. तोंडावरसुद्धा. ती ब्रीफ लिहायची. एखादी कंपनी आपल्या मालासाठी व्हिडिओ करणाऱ्या क्रिएटर मंडळींना गाठते, तेव्हा त्यांनी काय सांगायचं आणि काय टाळायचं हे कळवणारा कागद म्हणजे ब्रीफ. कंपन्या पानामागून पानं पाठवत. तिच्या हातून एकच पान निघे. सगळ्यात वर, बघणाऱ्याच्या लक्षात राहावी अशी एकच गोष्ट. त्याखाली, चुकूनही करू नयेत असे दावे. मग, ही जाहिरात आहे हे उघड सांगा. उरलेलं अर्धं पान कोरं, आणि कडेला बारीक अक्षरात: ही जागा तुमची.

"अर्धं पान रिकामं सोडायचे पैसे घेता का हो ताई?" मलम कंपनीचा माणूस विचारायचा. प्रत्येक मीटिंग संपता संपता 'अजून एक मुद्दा' काढायचा, म्हणून आम्ही त्याचं नावच अजूनएक ठेवलं होतं.

"रिकाम्याचेच घेते," ती म्हणायची. "भरलेलं तर तुम्ही फुकट पाठवता."

नमुन्याचं वाक्य मात्र ती कधीच द्यायची नाही. मी नवी असताना एका ब्रीफमध्ये घातलं होतं. तिने ते खोडलं. "नमुना दिलास की झाले पोपट तयार. लोक त्यांच्याकडे त्यांचं बोलणं ऐकायला येतात. आपलं नाही."

मग तिची आई गेली. पुढच्या आठवड्यात ती कामावर आली. रडली नाही. डबा उघडला, अर्धा खाल्ला, झाकण लावलं. कुणी काही विचारलं की "हं" म्हणायची, आणि पुढचं बोलणं जिथल्या तिथे गार पडायचं.

त्याच दिवसांत गुडघेदुखीच्या मलमाचं काम आलं. अजूनएकने हट्टच धरला. "एक तरी वाक्य द्या हो. ही क्रिएटर मंडळी काय बोलतील याचा काय नेम?" एरवी तिने त्याला वाटेला लावलं असतं. त्या दिवशी वाद घातला नाही. कीबोर्ड पुढे ओढला आणि लिहिलं: 'कुठे दुखतंय ते सांग, का दुखतंय ते नंतर.'

"ताई, काय सुरेख आहे!" मी म्हटलं. "कुठून सुचलं?"

"आईचं आहे," ती म्हणाली. हे पेन कुणाचं, असं विचारल्यावर सांगावं तसं. आणि पान पाठवून दिलं.

व्हिडिओ येऊ लागले. ते तपासणं तिचंच काम. स्वयंपाक शिकवणारी बाई ते वाक्य पातेलं उतरवता उतरवता म्हणाली. व्यायाम शिकवणारा दंड फुगवून म्हणाला. नकला करणाऱ्याने ते खाष्ट सासूच्या आवाजात घेतलं. कोऱ्या जागेत कुणीच काही भरलं नव्हतं; आयतं मिळाल्यावर डोकं कोण खाजवणार? ती प्रत्येक व्हिडिओ मागे नेऊन पुन्हा ऐके आणि खाली लिही: चालेल.

अजूनएक हवेत होता. "ताई, वाक्य थेट डबीवर छापतोय! तुमचा तेवढा होकार कळवा."

"उद्या सांगते."

दुपारी जिन्यात चहा घेताना ती म्हणाली, "आईचा आवाज आठवून बघतेय. वाक्य येतं. आवाज त्या दंडवाल्याचा येतो."

मी उरलेला चहा संपवला. "कप दे," म्हणाली, आणि दोन्ही कप धुऊन ठेवले.

त्या संध्याकाळी घरी काय झालं ते तिनेच मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, कॉम्प्युटर चालू होईपर्यंतच्या वेळात, सपाट आवाजात.

जेवणाच्या टेबलावर ती उरलेले व्हिडिओ तपासत होती. समोर बाबा मटार सोलत होते. वाक्य आलं तसे त्यांचे हात थांबले.

"हे आपल्या घरातलं आहे."

"हो. मीच दिलं. आता डबीवर छापायचं म्हणतायत. हो म्हणू का?"

"पण ती असं कुठे म्हणायची?"

"असंच म्हणायची, बाबा."

"छे! 'आधी दुखतंय कुठे ते सांग गं माझे बाई, का दुखतंय यावर आपण दोघी मग सावकाश भांडू.' आणि तोवर तुझा गुडघा तिच्या मांडीवर. सायकलवरून पडलीस तेव्हा तसंच. पहिली नोकरी सोडून रडत आलीस तेव्हाही तसंच. तेव्हा गुडघा चांगला धडधाकट होता तुझा. तरी तिने धरला तोच."

तिने व्हिडिओ बंद केला. "फार लांब आहे," म्हणाली.

"लांबच होतं. तुझी आई थोडक्यात कधी बोलली?"

एवढं सांगून होईतो कॉम्प्युटर चालू झाला. तिने अजूनएकला लिहिलं: छापा.

"ताई, खरंच?" मी विचारलं.

"छापू दे. त्यांच्याकडे गेलंय ते मी कापलेलं. तिचं घरी आहे."

मग नव्या ब्रीफचं पान उघडून ती वरची ओळ वाचू लागली. मला राहवेना. "आणि आवाज?"

"अजून नाही," ती पडद्यावरून नजर न काढता म्हणाली. "पण दंडवाला गेला. आता बाबांचा येतो."