जिलानीभाई आणि बारमाही झालेला ओढा

आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर मुलांचं एक वसतिगृह आहे. त्याच्या गेटपाशी खुर्ची टाकून एक उंच, थोडे वाकलेले गृहस्थ बसलेले असतात. ते जिलानीभाई. क्लासला जाणारी मुलं त्यांना ‘चाचा’ म्हणतात आणि डबा आला का विचारतात. या माणसाच्या हातात पस्तीस वर्षं घोड्याचा लगाम होता, हे त्या मुलांना माहीत असण्याचं कारण नाही. मला माहीत आहे. तो लगाम सुटला त्याला बऱ्याच अंशी मी कारण आहे, म्हणून माझ्या निवृत्तीला काही महिने उरले असताना हे लिहून ठेवतो.

भूकंपात औसा तालुक्यातलं आमचं घर गेलं आणि आईचा पाय मोडला. मी बी.कॉम. करून लातूरच्या एका महाविद्यालयात नुकताच कारकून म्हणून लागलो होतो. गावाबाहेरच्या माळावर पत्र्याच्या दोन खोल्या घेतल्या. तिथला रस्ता इतका खडकाळ होता की रिक्षावाले नाक्यावरूनच परत फिरत. जिलानीभाई मात्र दर मंगळवारी टांगा आणायचे, आईला ड्रेसिंगला न्यायचे आणि परत आल्यावर दोन्ही हातांवर उचलून थेट बाजेवर ठेवायचे.

“अम्मा, लई हादरे बसले का?” ते विचारत.

“न्हाई रे लेकरा. तुझ्या घोड्याला तुझ्यापेक्षा जास्त माया हाय,” आई म्हणायची, आणि दोघंही हसायची.

पुढे त्याच माळावर आमची कॉलनी उभी राहिली आणि मी सोसायटीचा सेक्रेटरी झालो. शहरात क्लासेसचं पेव फुटलं. नांदेडपासून उमरी-बिलोलीपर्यंतची मुलं इकडे शिकायला येऊ लागली. टांगे बंद पडले. जिलानीभाईंनी टांगा मोडला आणि माळेगावच्या यात्रेतून एक पांढरी घोडी आणली. नवरदेवासाठी. तिचं नाव दुलारी. कॉलनीलगतच्या त्यांच्या खोलीच्या मागे, सोसायटीच्या जागेत, माळाच्या सगळ्यात उंच भागावर ती बांधलेली असे. तिथे सावली बेताची होती, पण वारा कायम असायचा.

दुलारीच्या लिदीवर माश्या बसत. आता आम्ही सगळ्यांनीच वरच्या खोल्या मुलांना भाड्याने दिल्या होत्या आणि मुलांचे पालक ताटावरच्या माश्या दाखवून तक्रार करत. २०१४ च्या उन्हाळ्यात मी सोसायटीच्या कागदावर जिलानीभाईंना पत्र दिलं आणि पर्यायी जागाही सुचवली. ती जागा म्हणजे खालचा ओढा.

हा ओढा पूर्वी माघातच आटायचा. वरच्या अंगाला वसतिगृहं आणि मेस झाल्यावर त्यांच्या न्हाणीचं, भांड्यांचं पाणी त्यात येऊ लागलं आणि ओढा बारा महिने वाहू लागला. काठाला गुडघाभर गवत माजलं. आम्ही लातूरची माणसं. आठ-आठ दिवस नळाची वाट बघणारी. भर मे महिन्यात हिरवंगार काही दिसलं की आम्हाला तो देवाचा प्रसादच वाटतो. म्हशीवाले तिथे आधीच जाऊन बसले होते. घोडीला बसल्या जागी चारा-पाणी मिळेल, जिलानीभाईंचं भलंच होईल, असं मला मनापासून वाटत होतं.

पत्र वाचून दाखवल्यावर ते म्हणाले, “सेक्रेटरीसाब, तिथं डांस हाय. जनावराला फोडणारी मोठी माशी.”

“माश्या इथंही आहेतच की.”

“तुमची माशी गुळावर बसती. ती रगतावर बसती. चिखलात पैदा होती. पहिलं काय व्हायचं, ओढा आटला की डांस खतम. आता ओढा आटतच न्हाई, तर डांस कशाला जाईल?”

“जिलानीभाई, म्हशी राहतात ना तिथं?”

“म्हशीचं कातडं अन् दुलारीचं कातडं एक हाय का? तुम्ही हिशेबातले मोठे, पर जनावरातले कच्चे.” एवढं बोलून ते हसले आणि दुसऱ्या दिवशी घोडी घेऊन खाली गेले. आमच्याशी भांडणं त्यांना सहज शक्य होतं. पण ते भांडले नाहीत.

तीन पावसाळे त्यांनी कसेबसे काढले. संध्याकाळी लिंबाच्या पाल्याची धुरी करायची, अंगाला करंजाचं तेल चोळायचं, पोटाखाली गोणपाट बांधायचं. त्यांच्या पत्नी रजियाभाभी मला रस्त्यात गाठून म्हणायच्या, “साब, इतकं तेल तर यांनी माझ्या डोक्याला कधी लावलं न्हाई.” मी हसून पुढे जायचो.

चौथ्या पावसाळ्यात, भादव्यात, जिलानीभाई माझ्या दारात आले. दुलारी खात होती, पण वाळत चालली होती. मागचे पाय आणि पोटाखालचा भाग सुजला होता. ताप यायचा, दोन दिवस राहायचा, उतरायचा. पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर मल्लिकार्जुन माझ्या ओळखीचे होते. मी त्यांना घेऊन गेलो. त्यांनी रक्त तपासलं. त्या दिवशी ताप नव्हता आणि रक्तात काही सापडलं नाही.

“बघा, काही नाही निघालं,” मी म्हणालो. त्या वेळी मला जो सुटल्यासारखा आनंद झाला, तो आठवला की आजही लाज वाटते.

आठवड्याने पुन्हा ताप चढला तेव्हा डॉक्टरांनी दुसऱ्यांदा रक्त घेतलं. सर्रा नावाचा रोग निघाला. डांस एका जनावराला चावून दुसऱ्यावर बसतो आणि रक्तातून रोग पोचवतो. म्हशी वरून धडधाकट दिसल्या तरी त्यांच्यात तो असू शकतो. घोड्याला मात्र तो झेपत नाही. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि स्पष्ट सांगितलं, “जिलानीभाई, औषधाचं काम औषध करेल. पण घोडी आजच इथून हलवा. अंगात ताकद नाही, वरून रोज डांस फोडून काढतोय. अशानं ती टिकणार नाही.”

जिलानीभाईंनी माझ्याकडे पाहिलं. “साब, फक्त एक महिना. वरच्या जागेवर. लीद मी दिवसातून चार बार उचलतो. मुलांच्या ताटापाशी एक माशी दिसली तर मला बोला.”

मी त्याच क्षणी ‘चला’ म्हणायला हवं होतं. जागा रिकामीच होती. पण पत्र सोसायटीच्या ठरावाने गेलेलं. ते मी एकट्याने कसं फिरवायचं? पुढच्या रविवारनंतरच्या रविवारी बैठक होती.

“बैठकीत विषय घेतो,” मी म्हणालो. “मंजूर होईलच.”

“अन् तोवर?”

“अकरा दिवसांचा तर प्रश्न आहे.”

बैठकीत एकानेही विरोध केला नाही. दोन मिनिटांत ठराव झाला. मी तो कागद घेऊन तसाच ओढ्यावर गेलो. दुलारी बसलेली होती. जिलानीभाई तिचं डोकं मांडीवर घेऊन पाल्याच्या फांदीने डांस हाकत होते. “आता चढ न्हाई चढणार ती,” ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

तुळशीच्या लग्नानंतर सात वराती ठरल्या होत्या. जिलानीभाईंनी सातही घरी स्वतः जाऊन दुसऱ्या घोडीवाल्याचा पत्ता दिला.

महिनाभराने ते माझ्याकडे आले. ओढ्याकाठी अजून म्हशी होत्या, एका रेडकाला ताप होता. सगळ्या जनावरांचं रक्त तपासावं, मेसचं पाणी बंद गटारातून न्यावं, असा अर्ज महापालिकेला आणि दवाखान्याला द्यायचा होता. “मला लिहिता येत न्हाई. तुमच्या हाताचं अक्षर चांगलं हाय.”

मी अर्ज लिहिला आणि वाचून दाखवला. ‘अर्जदाराची घोडी जागेअभावी ओढ्याकाठी बांधलेली होती,’ इथे त्यांनी हात वर केला.

“जागा होती की, सेक्रेटरीसाब.”

आवाजात राग नव्हता. मी ती ओळ खोडली आणि लिहिलं की आमच्या सोसायटीच्या सांगण्यावरून, सेक्रेटरीने दिलेल्या पत्रामुळे, घोडी माळावरून खाली न्यावी लागली. त्यांनी अंगठा उमटवला. खाली मी माझी सही केली. मग ते उठले, आणि भूकंपाच्या वर्षापासूनच्या ओळखीत पहिल्यांदाच, चहा न घेता गेले.