लिफ्टच्या दारात लॅपटॉप

महिनाभर आमच्या घरातलं इंटरनेट माझ्या मांडीवर होतं. राउटरचं वायफाय एका दुपारी विजेच्या झटक्यात गेलं, पण त्यातून निघणारी केबल शाबूत होती. कनेक्शनवाला म्हणाला, "उद्या नवा डबा आणतो." त्याचा उद्या काही उगवेना. मग मी ती केबल लॅपटॉपला खुपसली आणि लॅपटॉपचा हॉटस्पॉट चालू केला. तारेतून नेट लॅपटॉपमध्ये यायचं आणि तिथून हवेतून बाबांच्या फोनला मिळायचं. केबल आखूड पडते म्हणून बाबांनी भोसरीहून चांगली बारा मीटरची आणली. म्हणजे मी घरात कुठंही बसले तरी त्यांचं नेट माझ्या मागोमाग फिरणार.

माझं काम घरूनच असतं. चाकणच्या एका छोट्या कंपनीसाठी मी प्रेसच्या डायची, म्हणजे पत्र्याचे भाग काढायच्या साच्यांची, ड्रॉइंगं करते, स्वतःच्या जुन्या लॅपटॉपवर. बाबा रिटायर. तीसेक वर्षं प्रेस शॉपमध्ये काढली आणि कान तिथंच ठेवून घरी आले. जवळपास काहीच ऐकू येत नाही, पण कबूल करतील तर शपथ! "तुमीच तोंडातल्या तोंडात बोलता," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. म्हणून आम्ही घरातल्या घरात मेसेजवर बोलतो. मी स्वयंपाकघरातून विचारते, "चहा टाकू?" हॉलमधून उत्तर येतं, "टाक." पाहुणे हसतात. हसू देत.

त्यांच्या सिममध्ये नेट होतं, पण ते कायम बंद. घरात असताना दुसरं कशाला, हा त्यांचा बाणा. त्यामुळे मी लॅपटॉप मिटला की त्यांचा फोन मुका. मग ते येऊन माझ्या समोर उभे राहायचे आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचे, "मशीन झोपलं का गं तुझं?"

त्या दिवशीही तसंच झालं. आई खेडला मामाकडे गेली होती, घरात आम्ही दोघंच. दुपारी चारला मी कंपनीच्या साहेबांशी कॉलवर होते. ड्रॉइंगची फाइल जाता जात नव्हती, म्हणून मी हॉटस्पॉट बंद करून टाकला. मिनिटभरात बाबा दारात हजर. "नेट न्हाई!" साहेब तिकडून विचारतात, "मॅडम, नेट नाही का तुमच्याकडे?" माझं डोकंच फिरलं. मी मागे वळून ओरडले, "बाबा, पाच मिनिटं गप्प बसाल का?"

शब्द त्यांना ऐकू गेले नसतील. पण माझा चेहरा त्यांना चांगला वाचता येतो. त्यांनी चपला घातल्या, पिशवी घेतली आणि "कोथिंबीर आणतो" म्हणून निघाले. घरात कोथिंबिरीची जुडी होती. मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं.

कॉल संपता संपता लिफ्टची बेल वाजायला लागली. आमच्या बिल्डिंगमधली पोरं लिफ्टमधलं लाल बटण दाबून पळतात, नेहमीचंच आहे. मी मनातल्या मनात त्यांच्या आयांचा उद्धार केला आणि काम चालू ठेवलं. बेल थांबली, परत वाजली. थांबली, परत वाजली. पाचेक मिनिटांनी मी घड्याळाकडे पाहिलं. बाबा परत आले नव्हते, आणि आमचे बाबा जिन्याने चढत नाहीत.

धावत खाली गेले. दुसऱ्या मजल्यावर लिफ्टच्या बंद दारासमोर चार-पाच बायका जमल्या होत्या. लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये अडकली होती. खालून जिन्यातून वॉचमनकाका ओरडले, "ताई, तुमचे बाबाच हायेत आतमंदी! कॅमेऱ्यात दिसायलेत!" वॉचमनकाका लातूरकडचे. त्यांच्या केबिनमध्ये एक टीव्ही आहे, त्यात लिफ्टच्या आतलं दिसतं.

मी दारावर दोन्ही हातांनी बडवलं. "बाबा! बाबा!" बायकांनीही गलका केला. आतून उत्तर नाही, फक्त बेल. समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनींनी कागदावर मोठ्या अक्षरात 'थांबा' लिहिलं आणि दाराच्या फटीतून आत सरकवलं. कागद गेला सरळ खाली खड्ड्यात. मी फोन लावला. 'आपण संपर्क करत असलेली व्यक्ती संपर्कक्षेत्राच्या बाहेर आहे.' अहो बाई, व्यक्ती माझ्यापासून सहा फुटांवर आहे!

भिंतीवरच्या नंबरवर लिफ्टच्या मेकॅनिकला फोन लावला. तो पुनावळ्याला होता. "निघालोच, पण ट्रॅफिक आहे, पाऊण तास धरा," म्हणाला. अग्निशमनवाल्यांनाही कुणीतरी कळवलं. मेकॅनिकने वॉचमनकाकांना मेन स्विच पाडायला लावला. आत बॅटरीवर छोटा दिवा, बेल आणि कॅमेरा चालू राहतो, हवाही असते, काही होत नाही, असं त्याने मला समजावलं. मग म्हणाला, "फक्त एक करा मॅडम. त्यांना सांगा, दाराला हात लावायचा नाही. लिफ्ट अधांतरी आहे. दार उघडून उतरायला गेले ना, तर खाली फट राहते. पाय थेट खड्ड्यात."

"ते असं काही करणार नाहीत," असं मी म्हणणार, तेवढ्यात खालून हाक आली.

"ताई! साहेब दार ओढायलेत!"

ओढणारच! हातपाय गाळून बसणारा माणूसच नाही तो. जन्मभर अडकलेली यंत्रं सोडवली. घरचा मिक्सर अडकला तरी आधी पाना काढतात, मग स्विच बंद करतात. बेल दाबून दाबून कुणी येत नाही म्हटल्यावर ते स्वतःच कामाला लागले होते. दाराआडून आता खडखड ऐकू यायला लागली. लोखंडाला लोखंड घासल्यासारखी, थांबून थांबून, दमाने. तो आवाज मी लहानपणापासून ओळखते. बाबा घाईत नसतात तेव्हा ते काम पुरं करतात. मला रडू फुटलं. आईला मी काय तोंड दाखवणार होते?

मी मेसेज केला. "बाबा दार सोडा." एक टिक. "बाबा दाराला हात लावू नका." एक टिक. त्या एकुलत्या एका टिककडे बघताना माझ्या मनात आलं, याला दोन टिक व्हायला घरचं नेट लागतं आणि घर चार मजले वर आहे. आणि मग डोक्यात लख्ख उजेड पडला. घर वर होतं, पण नेट कुठे घरात होतं? बाबांचा फोन महिनाभर ज्याला आपोआप चिकटत होता, तो माझा लॅपटॉप होता. तो मी उचलून कुठंही नेऊ शकत होते!

चार मजले मी कशी चढले देव जाणे. लॅपटॉप काखेत मारला, राउटरमधून केबल उपटली आणि तिची शेपटी मागे ओढत जिना उतरले. दोनदा पायात आली. वहिनींच्या दारात पोचले तेव्हा माझ्या तोंडून फक्त "राउटर, राउटर" एवढंच निघत होतं. त्यांना आधी वाटलं मला पाणी हवंय.

त्यांचा राउटर टीव्हीमागे होता. केबलचं एक टोक त्याला जोडलं, दुसरं घेऊन दाराबाहेर आले. चपलांच्या स्टँडवर लॅपटॉप ठेवला, लिफ्टच्या दाराला अगदी चिकटून. वायर पुरून थोडी उरली. नेट आलं. दुपारी मीच रागाच्या भरात बंद केलेला हॉटस्पॉट मी परत चालू केला.

पडद्यावर ओळ आली. जोडलेली उपकरणं: आठपैकी शून्य.

मी लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलून दाराला टेकवला. शून्य. वहिनी म्हणाल्या, "थोडं वर धरा, लिफ्ट वर आहे ना." मी स्टूलवर चढले आणि लॅपटॉप डोक्यावर धरला. आता मला पडदा दिसेना. वहिनी खालून मान उंचावून वाचत होत्या. "शून्य… शून्य…" दाराआड खडखड चालूच होती, आणि मग कट्ट असा आवाज झाला. काहीतरी सुटलं होतं. जिन्यातून वॉचमनकाका ओरडले, "आतलं दार उघडलं, ताई! साहेबांनी हात बाहेर घातला!"

"एक!" वहिनी किंचाळल्या. "आठपैकी एक!"

माझ्या खांद्यात पेटके आले होते, पण लॅपटॉप मी तसूभर हलू दिला नाही. माझा मोबाइल वहिनींच्या हातात होता. "दोन टिक," त्या म्हणाल्या. "दोन्ही मेसेजना दोन टिक आले!"

आता खालून वॉचमनकाकांचा आवाज एखाद्या सामन्याचं वर्णन चालावं तसा यायला लागला. "थांबले… थांबले साहेब. खिशात हात घातला. फोन काढला." मागून कळलं की त्यांच्या सगळ्या ग्रुपांवरचे तुंबलेले मेसेज एकाच वेळी धडकले होते आणि खिसा नुसता थरथरत होता. "चष्मा शोधायलेत… घातला. वाचायलेत, ताई, वाचायलेत!"

टिक निळे झाले. बाबा एकेक अक्षर शोधून टाइप करतात. त्यांच्या एका ओळीला माझा अर्धा कप चहा होतो. तेवढा वेळ मी स्टूलवर हात वर करून उभी होते. शेवटी वहिनींनी वाचून दाखवलं.

"तू कुठं आहेस"

"लिहा, वहिनी. दाराच्या बाहेरच उभी आहे. मेकॅनिक निघालाय. दार सोडा, मागे सरका."

पुन्हा तीच वाट बघणं. मग वहिनींनी फोनकडे पाहिलं आणि मोठ्याने वाचलं.

"मग बसतो."

खालून वॉचमनकाका ओरडले, "बसले! साहेब मागं सरकून कोपऱ्यात बसले!"

मी स्टूलवरून उतरले आणि तिथेच फरशीवर बसकण मारली. हसू येत होतं आणि नाक गळत होतं, सगळं एकदम. सुटले बाई! एका बाईने मला पाणी दिलं, दुसरीने लॅपटॉप स्टूलवर ठेवून आतल्या कनेक्शनवर पहारा सुरू केला. आठपैकी एक होतं, ते शेवटपर्यंत एकच राहिलं. शून्यावर परत गेलं नाही.

पुढचा पाऊण तास आम्ही बोललो. मी दाराला पाठ टेकून बसले होते, ते आत कोपऱ्यात. त्यांनी विचारलं, मेकॅनिक नवा आहे की जुना. मी म्हटलं, जुनाच आहे, तुम्ही त्याला शिकवू नका. त्यांनी कळवलं की दाराचा वरचा रोलर झिजलाय, त्याला सांग. मग आलं, "कोथिंबीर मऊ पडली." मी लिहिलं, "बाबा, दुपारी ओरडले, चुकलं माझं." उत्तर आलं, "कधी?" हा शुद्ध डांबरटपणा होता, मला माहीत आहे. पण मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू.

मेकॅनिक आला. ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या अग्निशमनवाल्यांना त्याने फोन करून नको म्हणून कळवलं, वर जाऊन हाताने चाक फिरवलं आणि लिफ्ट इंचाइंचाने दुसऱ्या मजल्याला आणून लावली. दार उघडलं. बाबा पिशवी हातात घेऊन बाहेर आले. उजव्या हाताची दोन बोटं सोलवटली होती, सदऱ्याला ग्रीस लागलं होतं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी त्यांच्याकडे बघून मान डोलावली आणि मेकॅनिकला रोलर दाखवायला वळले. मेकॅनिकने बघितला आणि म्हणाला, "बरोबर आहे काका." मी बाबांना दंडाला धरून जिन्याच्या पायरीवर बसवलं.

ते जरा वेळ आपल्या बोटांकडे बघत बसले. मग नेहमीच्या मोठ्या आवाजात नाही, हळू, जवळजवळ माझ्याएवढ्याच आवाजात म्हणाले, "ती बेल बंद पडलीय बघ. मी दाबतोय, दाबतोय, वाजतच न्हाई. म्हटलं, मी हितं हाय हे कुणाला कळणारच न्हाई. मग दार उघडाया घेतलं."

मी त्यांच्या कानाला तोंड लावून, तुटक तुटक ओरडले, "बेल वाजत होती, बाबा. सहाव्या मजल्यावर ऐकू येत होती."

त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं, मी थट्टा करत नाही ना हे बघायला. मग लिफ्टच्या दाराकडे पाहिलं. मग माझ्या गुडघ्यावर ग्रीसने माखलेला हात ठेवला आणि म्हणाले, "बरं झालं. तुला ऐकू येतं."