डाव्या चाकाचा आवाज

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत संध्याकाळी बाकावर बसणाऱ्या मंडळींना माहीत आहे की मी आयुष्यभर महागड्या परदेशी गाड्या दुरुस्त केल्या. मधूनच कुणीतरी विचारतं, तसली स्पोर्ट्स कार चालवताना खरंच एवढं काय वाटतं हो? मी सांगतो. इंजिनाबद्दल सांगतो, ब्रेकबद्दल सांगतो, आरेच्या रस्त्याबद्दल सांगतो आणि एका वळणाच्या अलीकडे थांबतो. ऐकणाऱ्यांना वाटतं, गोष्ट संपली. पंधराएक वर्षं मी ती तिथेच संपवत आलो. पुढचं बायकोलाही सांगितलेलं नाही. आता लिहितो आहे, कारण त्यात ज्याचं नाव खराब झालं तो माझा मित्र गेला, आणि खरं काय घडलं ते माहीत असलेला मी एकटाच उरलो.

साकीनाक्याच्या एका गल्लीत आमचं गॅरेज होतं. मालक वेगळे होते. मी सुपरवायझर होतो आणि माझा मित्र मुख्य फिटर. तो राहायला जोगेश्वरीला, मूळचा मालवणकडचा. आम्ही तिशीच्या आत तिथे लागलो होतो आणि एकमेकांच्या डब्यातली भाजी पळवत पन्नाशी ओलांडली होती.

गाडी दुरुस्त झाली की ट्रायलला न्यायची, हे सगळीकडेच असतं. आमच्याकडे ट्रायलला दोघं जात. एक चालवणार, दुसरा ऐकणार. ऐकणाऱ्याने मीटरकडे बघायचं नाही, रस्त्याकडेही फार बघायचं नाही. काच अर्धी खाली घ्यायची, हाताचा तळवा डॅशबोर्डवर ठेवायचा आणि कान लावून बसायचं. गॅरेजच्या मागे एका बंद पडलेल्या कारखान्याची लांब भिंत होती. आधी त्या भिंतीला लागून गाडी हळू चालवायची, म्हणजे चाकांचा आवाज भिंतीवर आपटून परत खिडकीत येतो. मग मोठ्या रस्त्याला लागायचं. चालवणाऱ्याने बोलायचं नाही. आणि ऐकणारा ‘थांब’ म्हणाला की असू तिथे, बाजूला घेऊन, थांबायचं. का म्हणून विचारायचं नाही. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण तो मोडलेला मी कधी पाहिला नव्हता.

बहुतेक वेळा चालवणारा मी असे आणि ऐकणारा तो. आपल्या कानाचा त्याला भलताच माज होता. कुठल्या चाकाचं बेअरिंग गेलंय ते चहा पिता पिता सांगायचा, आणि बरोबर निघालं की दिवसभर पिडायचा.

“गाडी चालवणं काय, रेड्याला पण शिकवता येईल,” तो म्हणायचा. “ऐकायला माणूस लागतो.”

“मग तूच चालव आणि तूच ऐक ना.”

“आणि तुला पगार कशाचा द्यायचा मालकांनी? गप चालव, मेल्या.”

ती गाडी आमच्याकडे आली तेव्हा तिला बघायला शेजारच्या गाळ्यांतली माणसं काम टाकून आली होती. राखाडी रंग, दोनच सीट, इंजिन सीटच्या मागे. खड्ड्यात आदळून तिचं पुढचं डावं सस्पेन्शन गेलं होतं. सुटे भाग यायला वेळ लागला. आले तसे बसवले आणि एका सकाळी आम्ही दोघं ट्रायलला निघालो.

आता, चालवताना काय वाटतं ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

लोकांना वाटतं मजा वेगात आहे. मुंबईत वेग मिळतोच कुठे? मजा सुरू होते ती बसण्यापासून. तुम्ही इतके खाली बसता की शेजारच्या रिक्षाचं चाक तुमच्या खांद्याशी येतं. रस्ता डोळ्यांच्या जवळ येतो आणि त्यामुळे साठचा वेगही शंभरासारखा वाटतो. सीट दोन्ही बाजूंनी बरगड्या धरून ठेवते. साध्या गाडीत तुम्ही स्टिअरिंग फिरवता, मग गाडी विचार करते, मग वळते. या गाडीत मधला विचार नाही. मनगट हललं की नाक वळलेलं असतं. वजन तुमच्या कमरेपाशी आहे, म्हणून वळताना गाडी बाहेर लोंबत नाही, तुमच्याभोवती फिरते. रस्त्यावरचा प्रत्येक खरखरीत तुकडा बोटांना कळतो. आणि मागे, डोक्यापासून हातभर अंतरावर, इंजिन. पाय थोडा दाबला की त्याचा स्वर चढतो आणि पाठीत, दातांत उतरतो. ब्रेक तर असे की वळण अगदी जवळ येईपर्यंत वाट बघता येते, मग दाबायचं, आणि गाडी जमिनीला चिकटते.

पण खरी गोष्ट याहून लाजिरवाणी आहे. अशी गाडी तुमची खुशामत करते. तुम्ही बेताचे चालक असलात तरी ती प्रत्येक वळण नीट काढून देते आणि श्रेय तुम्हाला देते. मी तेव्हा पंचावन्नच्या पुढे होतो. गुडघे दुखायचे, पोरं माझं ऐकत नव्हती, गॅरेजमध्ये नवीन कॉम्प्युटर आला होता आणि तो मला येत नव्हता. त्या गाडीत दहा मिनिटं बसल्यावर मला वाटायला लागलं की मला सगळं येतं.

भिंतीपाशी काही वाजलं नाही. मोठ्या रस्त्यावरही नाही. मग आम्ही आरेत शिरलो. दोन्ही बाजूंना झाडं, रस्ता बऱ्यापैकी मोकळा, आणि एकामागून एक वळणं. पहिली दोन-तीन वळणं मी जपून काढली. पुढची तशी नाही काढली.

“हळू,” तो म्हणाला. “ट्रायल आहे, वरात नाय.”

मी हसलो आणि पाय दाबला. जरा पुढे गेल्यावर त्याने तळवा डॅशबोर्डवरून उचलला, पुन्हा ठेवला, कान खिडकीकडे नेला.

“डावीकडे पुढे कायतरी ठोकतंय रे. थांब.”

मला ऐकू आलं. तो काय म्हणाला ते मला स्वच्छ ऐकू आलं, इंजिनाच्या आवाजातही. एवढंच नाही, स्टिअरिंगमध्ये एक बारीक थरथर मघापासून माझ्या बोटांनाही लागत होती. ती मी गाडीचा जिवंतपणा म्हणून घेत होतो. मला तशी ती हवी होती.

“थांबतो,” मी म्हटलं. “एवढं एक वळण.”

“थांब सांगतो ना.”

पुढचं वळण उजवीकडचं होतं, मोठं आणि मोकळं, ज्याची मी आल्यापासून वाट बघत होतो. मी उशिरा ब्रेक दाबला आणि आत घेतली. डाव्या बाजूला सगळा भार आला, ठण्ण झालं आणि पुढचं डावं चाक बाहेर फाकलं. स्टिअरिंग हातात नुसतं फिरत राहिलं. गाडी रस्ता सोडून झाडावर गेली, डाव्या बाजूने, म्हणजे त्याच्या बाजूने.

मला खरचटलं होतं. त्याच्या खांद्याचं हाड मोडलं आणि डोक्याला मार लागला. संध्याकाळपर्यंत तो शुद्धीवर नव्हता.

हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये मालकांनी मला विचारलं, “काय झालं?” मी म्हणालो, “चाक निखळलं. काही कळायच्या आत.” तेव्हा ते खोटं मला फार मोठं वाटलं नाही. तो मरतो की जगतो ते ठरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मोडलेली गाडी रॅम्पवर चढवली. चाक धरून ठेवणाऱ्या खालच्या आर्मचा बोल्ट निघून पडला होता. तो पूर्ण आवळलेला नव्हता. किती जणांचे हात लागले होते, कुणाकडून राहिला ते कळलं नाही. पण बोल्टचं भोक लांबट झालं होतं. सैल बोल्ट बराच वेळ आपटल्याशिवाय तसं होत नाही. मालकांनी टॉर्च मारून ते पाहिलं आणि ते माझ्याकडे वळले.

“हे चांगलं वाजत असणार. तो काय झोपला होता?”

आजूबाजूला सगळे उभे होते. मी म्हणालो, “तो काही बोलला नाही.”

एवढंच वाक्य. कुणी मला दुसऱ्यांदा विचारलं नाही. चालवणारा ऐकत नसतो, ही आमची पद्धतच होती. ऐकणं हे त्याचं काम, म्हणजे चूक त्याची.

तो घरी आल्यावर मी जोगेश्वरीला गेलो. खांदा बांधलेला, चेहरा सुजलेला. वहिनींनी चहा ठेवला.

“भावजी, तुम्हाला काही लागलं नाही ना? देवाची कृपा,” त्या म्हणाल्या आणि मी मान हलवली.

त्या आत गेल्यावर तो म्हणाला, “मला आरेचं गेट आठवतंय. त्याच्या पुढचं साफ गेलंय बघ. मी काय बोललो का रे? आवाजाचं?”

तो माझ्याकडे बघत होता. रागाने नाही. एखादी वस्तू कुठे ठेवली ते विचारावं तसं. मालकांपाशी मी बोललो होतो, ते अजून परत घेता आलं असतं. नोकरी गेली असती कदाचित. ती गाडी कुणी मोडली, का मोडली, हे सगळं बाहेर आलं असतं.

“नाही,” मी म्हणालो.

“कायच नाय?”

“नाही रे. अचानक झालं.”

त्याने मोकळ्या हाताने कान चोळला. मग म्हणाला, “वाट लागली म्हणजे कानाची.”

फक्त लोकांनीच त्याच्यावर संशय घेतला असता तर तो भांडला असता. भांडायला तो कमी नव्हता. पण आता त्याचाच स्वतःवर विश्वास उरला नव्हता, आणि तो मी घालवला होता. तो कानाच्या डॉक्टरकडे गेला. तपासणीत कान उत्तम निघाले. त्यामुळे तो जास्तच हबकला; कान चांगले असून ऐकू आलं नाही, म्हणजे डोक्यातच काहीतरी बिघडलं, असं त्याने धरलं. कामावर परत आला तेव्हा गॅरेजमधला एकजण म्हणाला, “काय, कान साफ करून आलास का?” सगळे हसले. पूर्वी त्याने त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या. तो नुसता हसला. मी ट्रायलला चल म्हटलं तर म्हणाला, “नको. दुसऱ्याला ने. उगाच कुणाचा जीव जायचा.”

काही महिन्यांनी त्याने काम सोडलं आणि अंधेरीला स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर उभा राहिला. वहिनी एकदा सांगत होत्या की घरात कुकरच्या शिट्ट्या तो मोजत नाही, किती झाल्या ते त्यांनाच विचारतो. बेल वाजली तरी दार उघडण्याआधी विचारतो, “वाजली ना?” त्यांना ते गमतीचं वाटत होतं. मी त्या दिवशी जेवायला थांबलो नाही.

माझं म्हणाल तर मी पुढे मॅनेजर झालो आणि तिथूनच निवृत्त झालो. अशा गाड्या त्यानंतरही चालवल्या. मजा कमी झाली नाही, हेही लिहून ठेवायला हवं. बोटांखाली तीच थरथर, पाठीत तोच स्वर. फरक एवढाच पडला की ऐकणारा ‘थांब’ म्हणायच्या आधीच मी थांबायचो, आणि पोरं म्हणायची, साहेब फार काळजीवाले आहेत.

तो आजारी असल्याचं कळलं तेव्हा मी ठरवून गेलो. रिक्षात वाक्य जुळवत गेलो. तो खिडकीपाशी पलंगावर बसला होता, वाळून अर्धा झालेला. इकडचं तिकडचं बोललो. कुणाच्या मुलाचं लग्न, कुठला गाळा पाडून कुठे टॉवर होतोय. वहिनी औषध आणायला खाली गेल्या आणि मी म्हणालो, “त्या दिवशीचं एक बोलायचं होतं. आरेतलं.”

“सोड ना यार,” तो म्हणाला. “किती वर्षं तू ते धरून बसणार? मी ऐकायला चुकलो, तुला पण घेऊन मेलो असतो. तू कधी एका शब्दाने बोलला नाहीस मला. दुसरा असता तर तोंड सोडलं असतं.”

माझी माफी मागत होता तो. मी त्याचा हात धरला. जिन्यात वहिनींच्या चपला वाजल्या, त्या आत आल्या, औषध दिलं, मला म्हणाल्या, “भावजी, सरबत करते.” मी सरबत प्यायलो आणि निघालो. पुढच्या आठवड्यात पुन्हा जाईन म्हणून निघालो. गेलो तो तिसऱ्या दिवशी, त्याला खांदा द्यायला.

रिक्षात जुळवलेली वाक्यं बरीच लांब होती. त्यांत मालक होते, माझी नोकरी होती, वय होतं. ती सगळी मी आता काढून टाकली आहेत. बोलायचं होतं ते एवढंच होतं: तू सांगितलं होतंस. डावीकडे पुढे ठोकतंय, हे चाक निखळायच्या आधी तू सांगितलंस, थांब म्हणालास, दोनदा म्हणालास. मला ऐकू आलं होतं. तुझ्या कानाला काहीही झालं नव्हतं. मीच थांबलो नाही. चुकलो रे, मला माफ कर.