गुणवंतीने नाकारलेला मंडप

गुणवंतीला परदेशी सरकार पोसतं, अशी कंडी रत्नागिरीच्या मासळी बाजारात पिकली होती. शेजारी मासळी विकणारी सावित्री तर शपथेवर सांगायची, "अगो, विमानाचं तिकीटसुद्धा आलंय तिचं!"

खरं एवढंच, की गुणवंती ही पंचावन्न वर्षांची, बांगडे विकणारी बाई. किनाऱ्यावरच्या मासळी वाळवायच्या जागेवर मालवाहू जेटी येऊ नये म्हणून ती चार महिने बायकांना घेऊन रोज तिथे धरणं धरून बसायची. विमान तिनं पाहिलं होतं ते खालून. पण कंडी पिकल्यावर साठ बायकांच्या अकरा उरल्या. जनसुनावणी आठवड्यावर आलेली. जागा गेली तर पावसाळ्यात सुकी मासळी कुठून विकायची?

अशात एका दूतावासाचा अधिकारी खरोखरच आला. गोरापान, घामाघूम. "जरा बाजूला बोलू या," असं त्यानं इंग्रजीत सुचवलं. गुणवंतीची भाची रुचिरा कॉलेजात शिकायची आणि कुणाचाही आवाज हुबेहूब काढायची. ती दुभाषी झाली.

"बाजूला नाय," गुणवंती म्हणाली. "आमच्यात भाव कुणाच्या कानात सांगत नाहीत. लिलावात चला."

होड्या नुकत्याच लागल्या होत्या. टोपल्यांभोवती सगळा बाजार जमलेला, सावित्रीही. तिथंच साहेबाला बोलायला लावलं. मंडप देऊ, कर्णे देऊ, दिल्लीचा वकील देऊ. फक्त इथं काय चाललंय ते आमच्या कार्यालयाला कळवत जा. रुचिराने ते त्याच्याच आवाजात, नाकातून, मान तिरकी करून सांगितलं. लोक हसून लोळले.

गुणवंती हसली नाही. "साहेब, उद्या तुमच्या सरकारचं आमच्या सरकारशी जमलं, तर हा मंडप राहील?"

साहेबाने कपाळावरचा घाम पुसला. मग म्हणाला, "खरं सांगू? मला माहीत नाही."

हे वाक्य मात्र रुचिराने स्वतःच्या आवाजात सांगितलं.

"माणूस बरे आहात," गुणवंती म्हणाली. "पण आमचं बसणं तुमच्या जमण्या-बिनसण्यावर टांगायचं नाय. चहा घेऊन जा."

घरी जाताना रुचिरा चिडली होती. "आत्ये, वकील तरी घ्यायचास! जेटीवाल्यांचं भांडवल परदेशीच ना? ते कुणाला खुपत नाही."

"आम्हाला खुपतं म्हणून तर बसलोय. वकील हवाच होता गो. सुनावणीत काय बोलू, मलाच कळत नाय."

"मग आता ना मंडप, ना वकील. उद्या तुझ्या अकराच्या पाच होतील."

"वाढतील."

"पैज! हरले तर आठवडाभर जवळा निवडीन."

दुसऱ्या सकाळी रुचिरा बायका मोजायला गेली. चौतीसपर्यंत पोचली, तोच मागून सावित्री खेकसली, "सर गो बाय, बसू दे." दोन सुना आणि एक फाटकी छत्री घेऊन ती आली होती. माफीबिफी कुणी मागितली नाही. गुणवंतीने तिच्यासाठी चटईवर जागा केली आणि बारीक जवळ्याची टोपली रुचिरापुढे सरकवली.

"काडीकचरा नीट बघ हां."

रुचिराने बाह्या सारल्या. बायका अजून येतच होत्या.