सात मिलिमीटर

फोन मला आला. सकाळचे साडेदहा वाजले होते, ऑफिसात कुणाचं तरी प्रेझेंटेशन चालू होतं आणि हॉस्पिटलचा नंबर बघून मी बाहेर कॉरिडॉरमध्ये आलो. नर्सनं माझं नाव नीट उच्चारायचा दोनदा प्रयत्न केला, आणि मग सांगितलं की आई गेल्या. प्राची, म्हणजे माझी बायको आणि आईंची एकुलती एक मुलगी, त्या वेळी घरून हॉस्पिटलकडे ड्राइव्ह करत होती. तिच्याआधी मला कळलं, कारण ॲडमिट होताना 'पहिला फोन कुणाला करायचा' या रकान्यात आईंनी स्वतःच्या हातानं माझं नाव लिहिलं होतं. नंतर भेटायला आलेल्यांपैकी दोघा-तिघांनी विचारलंसुद्धा, "पोटची मुलगी असताना जावयाचं नाव?" मी काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली. आता सहा आठवडे झालेत... खरं उत्तर लिहायला हरकत नाही. त्यासाठी एका कॉम्प्युटरची गोष्ट सांगावी लागेल.

आई म्हणजे विमल पाटणकर. सांगलीच्या एका कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये त्यांनी एकतीस वर्षं असिस्टंट म्हणून काढली. भिंगं पुसायची, उडालेले फ्यूज बदलायचे, पोरांनी बिघडवलेले मीटर पुन्हा सुरू करायचे. सासरे गेल्यावर प्राचीनं त्यांना इकडे अमेरिकेत, मॉरिसव्हिलला आणलं. पहिली तीन वर्षं आम्ही एका छपराखाली राहिलो खरे, पण आमच्यात बोलणं असं नव्हतंच, नुसता मान होता. मी हॉलमध्ये आलो की त्या सोफ्यावरून उठायच्या. मी "बसा हो आई" म्हणायचो, त्या "असू दे, असू दे" म्हणत स्वयंपाकघरात जायच्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी कारल्याची भाजी केली आणि मी "छान झालीय" म्हणून बसलो. त्यानंतर तीन वर्षं दर बुधवारी माझ्या पानात कारलं. मला कारलं अजिबात आवडत नाही! जावई म्हणजे दशमग्रह म्हणतात. त्या आपल्या परीनं ग्रहाची शांत करत होत्या आणि ग्रह बिचारा निमूटपणे गिळत होता. खरं सांगण्याची सोय दोघांनाही नव्हती. हे वाटतं तेवढं विनोदी नव्हतं. घरात एखादं माणूस असावं आणि त्याला काय आवडतं, काय दुखतं, याचा आपल्याला पत्ताच नसावा, हे फार एकाकी असतं. त्यांच्यासाठी तर जास्तच असणार.

मग एका वर्षी गणपतीच्या दर्शनाला आम्ही एका ओळखीच्या घरी गेलो होतो. तिथल्या तळघरात मोठ्या स्क्रीनवर विमान चालवण्याचा खेळ सुरू होता, म्हणजे फ्लाइट सिम्युलेटर. यजमानांनी गंमत म्हणून आईंना खुर्चीत बसवलं आणि विचारलं, "कुठं जायचं, काकू?" आई म्हणाल्या, "सांगलीला." पाच मिनिटांत स्क्रीनवर कृष्णा नदी आली, तिच्यावरचा पूल आला, आणि आई खुर्चीच्या टोकावर येऊन बसल्या. आरतीला दोनदा हाक मारावी लागली. परतताना गाडीत त्या मागच्या सीटवरून हळूच म्हणाल्या, "अमेरिकेला येताना माझ्या गुडघ्यांमुळे खिडकीची नाही, वाटेकडची सीट घेतली होती. वरून आपलं काहीच बघितलं नाही मी."

माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, मी असं मशीन घरी बांधतो तुमच्यासाठी."

प्राचीनं माझ्याकडे बघितलं. "तुला असेंबल करता येतं?"

"अगं, वीस वर्षं कॉम्प्युटरमध्येच आहे ना मी!"

वीस वर्षं मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्या वीस वर्षांत एकदाही कॉम्प्युटरचं झाकण उघडून आत डोकावलो नव्हतो. पण सासूबाईंसमोर हे कोण कबूल करणार?

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी आमची डायनिंग टेबलवर बैठक सुरू झाली. मी व्हिडिओ बघून आदल्या दिवशी शिकलेलं दुसऱ्या दिवशी जन्मजात ज्ञान असल्यासारखं सांगायचो. प्रोसेसर म्हणजे मेंदू, तो ज्या पाटीवर बसतो तो मदरबोर्ड, आणि दोघांची बैठक एकाच जातीची हवी, नाहीतर तो बसणारच नाही. रॅमच्या पट्टीची खाच बोर्डाच्या खोबणीशी जुळायला हवी. स्क्रीनवर चित्र उमटवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाला पुरेल एवढी वीज पॉवर सप्लायनं द्यायला हवी. आणि हे सगळं ज्या पेटीत बसवायचं, त्या कॅबिनेटमध्ये ते मावायला हवं. आई शंभर पानी वहीत लॅबच्या जर्नलसारखं लिहून घ्यायच्या... उद्देश, साहित्य, कृती. समास सोडून, पेन्सिलनं, मोजमापांसह. प्रश्न क्वचित विचारायच्या. एकदा मी प्रोसेसर एका कंपनीचा आणि बोर्ड दुसऱ्याच कंपनीच्या प्रोसेसरसाठी बनवलेला, अशी जोडी यादीत टाकली. आई जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "चहा ठेवू का?" चहा पिता पिता माझं मलाच लक्षात आलं, मी गुपचूप बोर्ड बदलला. आपल्या हुशारीवर मी खूश होतो.

कॅबिनेट मी लहान, सुबक निवडलं, त्यांच्या खोलीत खिडकीशेजारी मावेल असं. आणि प्रोसेसर थंड ठेवणारा पंखा, म्हणजे कूलर, मात्र घेतला सगळ्यात दणकट, कारण एका व्हिडिओतल्या माणसानं त्याचं फार कौतुक केलं होतं. आई म्हणाल्या, "हा पंखा जरा उंच नाही ना?"

"नाही हो आई, हे सगळं स्टँडर्ड असतं."

"बरं." मग थोड्या वेळानं, "चहा ठेवू?"

मी नको म्हणालो. ऑर्डर देण्याआधी त्यांनी आणखी दोनदा चहाचं विचारलं. मी दोन्ही वेळा नको म्हणालो.

सगळे भाग घरी आले. शनिवारी दुपारी टेबलवर जुनी चादर अंथरून आम्ही बसलो. प्राची कामावर गेली होती, शनिवारची पाळी असल्यामुळे. आईंनी सगळे स्क्रू वाट्यांमध्ये वेगवेगळे काढून ठेवले. त्यांचा हात इतका स्थिर होता की रॅमच्या पट्ट्या शेवटी त्यांनीच बसवल्या. तीन तासांत सगळं जागच्या जागी लागलं आणि मी विजयी मुद्रेनं कॅबिनेटचं बाजूचं झाकण उचललं. ते लागेना. दाबलं, तिरकं केलं, पुन्हा दाबलं. कूलर झाकणाच्या बाहेर डोकावत होता. झाकण थोडं वर ठेवून लांब स्क्रूनं बसवता येईल का, याचा हिशेब करायला मी आईंची वही ओढली, तर कूलरच्या पानावर समासात पेन्सिलनं लिहिलेलं दिसलं: कूलर १६५, पेटीत जागा १५८, सात मिलिमीटर कमी. खाली तारीख होती. ऑर्डर देण्याच्या चार दिवस आधीची.

"आई, तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत होतं."

"मग सांगितलं का नाही?"

आई चादरीची सुरकुती सरळ करत राहिल्या. "जावयाला कसं सांगायचं, चुकलात म्हणून? आणि तीनदा चहा विचारला की तुम्हाला!"

मी आयुष्यात पहिल्यांदा सासूबाईंवर चिडलो. त्या चिडण्यातच काय झालं कोण जाणे, मी म्हणालो, "आई, मला कारलं आवडत नाही. कधीच आवडलं नाही."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "तीन वर्षं?"

"तीन वर्षं."

"अहो, मला कुठं आवडतं? तुमच्यासाठी करत होते मी, आणि एकटीसाठी वेगळं कुठं करायचं म्हणून तेच खात होते!"

मग जे हसू सुटलं ते थांबेचना. प्राची घरी आली तेव्हा आम्ही दोघं उघड्या पेटीसमोर डोळे पुसत बसलो होतो. तिला वाटलं, सांगलीहून काही वाईट बातमी आली. त्या दिवशी आईंनी नियम घातला: जुळत नसेल तर पाकीट फोडायच्या आधी सांगायचं. मान वगैरे नंतर बघू.

फोडलेलं पाकीटसुद्धा दुकानानं हसत परत घेतलं आणि बुटका कूलर दिला, याचं आईंना शेवटपर्यंत नवल वाटत राहिलं. मशीन पहिल्यांदा सुरू केलं, पंखे फिरले, दिवे लागले, पण स्क्रीन काळा. मी घामाघूम झालो. आई वाकून मागे बघत म्हणाल्या, "समीरराव, चुकलात. वायर वरच्या भोकात घातलीय तुम्ही, ती खाली ग्राफिक्स कार्डात जायला हवी." 'चुकलात' हा शब्द त्यांनी इतका चवीनं उच्चारला की स्क्रीन उजळल्याचा आनंद त्यापुढे फिका पडला.

त्यानंतरची दोन वर्षं फार छान गेली. दुपारची झोप झाली की आई विमान काढायच्या. कृष्णेवर उतरता येत नाही हे त्यांना मान्य नव्हतं, त्यामुळे विमान बरेचदा पाण्यात जायचं. घरात मात्र आम्ही दोघं धडाधड खरं बोलायला लागलो. माझे पोहे कोरडे होतात, ऑफिसच्या फोनवर मी उगाच ओरडतो, गाडी चालवताना वाद घालतो, हे मला कळलं. त्या देवासमोर बसल्या की टीव्हीचा आवाज मोठा ठेवतात, हे मी त्यांना सांगितलं. प्राची म्हणायची, "तुम्ही दोघं भांडा, मी मधे पडत नाही." पोटात दुखतंय हे आईंनी पहिल्यांदा मलाच सांगितलं, ग्रोसरीला जाताना, गाडीत. "प्राची लगेच रडेल. तुम्ही आधी अपॉइंटमेंट घ्या," म्हणाल्या. हॉस्पिटलच्या फॉर्मवर माझं नाव आलं ते यामुळे.

तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी प्राचीला आणि मला बाजूला घेऊन हळू आवाजात बरंच समजावलं. त्याचा अर्थ एवढाच होता की आता उपाय नाही, फक्त थोडा वेळ आहे. पुण्याच्या मामांशी फोनवर बोलून प्राचीनं ठरवलं की आईला हे सांगायचं नाही. "तिला झेपणार नाही, प्लीज," ती मला म्हणाली. मी होकार दिला. आईची मुलगी ती होती, मी कोण?

चार दिवसांनी शनिवार होता. मी त्यांच्या खोलीत औषध द्यायला गेलो. विमान आकाशात होतं, पण आईंचे हात मांडीवर होते. त्यांनी विचारलं, "मी बरी होणार आहे का?"

जावई म्हणून तोंडात उत्तर तयार होतं. "होणार म्हणजे काय, होणारच!" एवढं म्हणायचं आणि बाहेर पडायचं. पण त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि ही बाई खरं ऐकायला दुसऱ्या कुणाकडेही जाऊ शकत नव्हती. मी म्हणालो, "नाही, आई." मग जे कळलं होतं ते सगळं सांगितलं. सांगता सांगता मीच रडायला लागलो. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "बरं केलंत. सगळे इतकं गोड बोलायला लागले होते की मला भीती वाटायला लागली होती."

प्राची दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी आईंनी तिला बोलावून गोडा मसाला करायला घेतला, मापं सांगत, आणि त्या मायलेकी भाजलेल्या खोबऱ्याच्या वासात एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. पुढचे अडीच महिने घरात कुणीच कुणाशी खोटं बोललं नाही. तो काळ दुःखाचा होता, पण मला तो पुन्हा मिळाला तर मी घेईन.

गेल्या रविवारी मी आईंच्या खोलीत बसलो होतो. मशीन बंद होतं. प्राची दारात येऊन उभी राहिली आणि तिनं सहा आठवडे न विचारलेलं विचारलं. "त्या सकाळी आईला दुखलं का रे? नर्स तुला काय म्हणाली?"

असं विचारल्यावर लोक काय सांगतात ते मला माहीत आहे. झोपेत गेली, शांतपणे गेली, काही कळलं नाही. एका वाक्यात तिचं समाधान झालं असतं. मी म्हणालो, "हो. शेवटचा तासभर दुखलं. औषध वाढवलं तरी दुखत होतं. नर्स हात धरून बसली होती, आणि आई मराठीत बोलत होत्या, ते तिला कळलं नाही."

प्राची जमिनीवर बसली आणि खूप रडली. मी शेजारी बसून राहिलो. मग नाक पुसत ती म्हणाली, "तू 'नाही दुखलं' म्हणाला असतास, तर ते खरं होतं का याचाच मी कायम विचार करत बसले असते." थोड्या वेळानं उठून तिनं आईंची खुर्ची पुढे ओढली, तीत बसली आणि म्हणाली, "हे कसं सुरू करायचं, मला दाखव."